एक सूत आणि दहा थाऊ

दुसऱ्या सिलिंडरच्या रॉडची कॅप सोडवली, तर बेअरिंगचे दोन्ही शेल एकमेकांवर चढून बसलेले. बेअरिंग फिरलं होतं. क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंग ज्यावर बसतं त्या गोल भागावर, नख फिरवून पाहिलं, ते जागोजागी अडकत होतं. तीस थाऊ (इंचाचे हजारावे भाग) घासून घेतले तरी हे चर जातील असं वाटेना. दादा मागे उभा होता. आमची गाडी ड्रॅग रेसची, म्हणजे सरळ पट्टीवर ४०२ मीटर पळण्याची. ती तो चालवतो आणि इंजिन मी बांधते. ते बेअरिंग कुणामुळे गेलं, यावर आमचं आजही एकमत नाही. त्याच्या मते तेलाचा दाब कमी होता. माझ्या मते शेवटच्या दोनशे फुटांत त्यानं गिअर बदलायला उशीर केला.

"क्रँक नवाच घ्यायचाय ना? मग लांब स्ट्रोकचा घेऊ," तो म्हणाला. बोलायला सोपं होतं.

आमचं इंजिन म्हणजे शेव्हरोलेचं ३५० स्मॉल ब्लॉक. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ३.४८ इंच. बोअर आधीच्या बांधणीत तीस थाऊ वाढवलेला होता, त्यामुळे प्रत्यक्षात ३५५ घनइंच. याच घराण्यात १९७० मध्ये ४०० घनइंचाचं इंजिन आलं, त्याचा स्ट्रोक ३.७५ इंच. तो स्ट्रोक आमच्या बोअरला जोडला की ३८३ घनइंच होतात, म्हणजे ५.८ लिटरचं ६.३ लिटर. पूर्वी यासाठी ४०० चा क्रँक आणून त्याचे मेन जर्नल २.६५ इंचांवरून २.४५ इंचांवर घासून घेत. आता ३५० च्या जर्नलचे फोर्ज्ड क्रँक तयारच मिळतात. (क्रायस्लरचंही एक ३८३ होतं. आकडा सोडला तर त्याचा या इंजिनाशी काही संबंध नाही. हे इथेच सांगून ठेवते, कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच.)

स्ट्रोकमधला फरक ०.२७ इंच. क्रँकचा हात त्याच्या निम्म्यानं लांबतो, म्हणजे ०.१३५ इंच. लेथवर काम करणाऱ्यांच्या भाषेत एक सूत आणि वर दहा थाऊ. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतावरून स्वर्ग गाठायचा तो असा, असं मी दादाला म्हणालेसुद्धा. नंतरचे अडीच महिने मी स्वर्गाचं नाव काढलं नाही. ब्लॉकच्या पोटातली प्रत्येक वस्तू जुन्या वर्तुळाला जागा सोडून बसवलेली असते, आणि वर्तुळ एका सुतानं मोठं झालं की ते शेजाऱ्यांच्या अंगणात शिरतं. क्रँक बसवणं हे यातलं सगळ्यात छोटं काम. खरं काम शेजाऱ्यांशी तडजोड करण्याचं.

पहिला क्रँक परत गेला. १९८६ पासून या इंजिनांना मागचं ऑइल सील अखंड येऊ लागलं, त्याआधी ते दोन तुकड्यांचं असे. माझा ब्लॉक जुना आणि मी मागवलेला क्रँक नव्या सीलचा. चूक माझीच. तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांत मी रॉड आणि पिस्टनचं गणित केलं. ते सोपं आहे, पण चूक माफ करत नाही. क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत आमच्या ब्लॉकची उंची ९ इंच उरली होती, मूळची ९.०२५, बाकीची आधीच घासलेली. तेवढ्यात तीन गोष्टी मावल्या पाहिजेत : अर्धा स्ट्रोक, रॉडची लांबी आणि पिस्टनच्या पिनपासून माथ्यापर्यंतची उंची. अर्धा स्ट्रोक झाला १.८७५. जुना ५.७ इंची रॉड ठेवला, तर पिस्टनला १.४२५ उरतात. ६ इंची घेतला तर १.१२५. आमचे जुने पिस्टन १.५६ चे, म्हणजे ते कसेही बाद.

मी ६ इंची घेतला. लांब रॉड कमी तिरका होतो, त्यामुळे पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर कमी रेटला जातो, हे खरंच आहे. पण माझं कारण वेगळं होतं. लांब रॉडमुळे पिस्टन खालच्या टोकाला असताना क्रँकच्या काउंटरवेटपासून (तोल राखणाऱ्या वजनापासून) लांब राहतो, आणि बुटका पिस्टन हलकाही असतो. याची किंमत अशी की पिन इतकी वर सरकते की तिचं भोक तेलाच्या रिंगच्या खाचेत घुसतं. मग त्या रिंगखाली आधाराची एक पातळ पट्टी घालावी लागते. रस्त्यावरच्या गाडीत मी हे केलं नसतं. आमच्या गाडीच्या रिंगा तशाही लवकर बदलल्या जातात.

कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, न मोजता पिस्टन मागवणारे लोक मी पाहिलेत. सिलिंडरचं आकारमान वाढतं आणि वरची पोकळी तेवढीच राहते, म्हणजे दाब आपोआप वाढतो. आमच्या हेडची (सिलिंडरवरच्या झाकणाची) पोकळी ६४ घनसेंटीमीटर. गॅस्केटचे ९ आणि पिस्टनवरच्या व्हॉल्व्हच्या खाचांचे ५ धरले तर ७८. जुन्या स्ट्रोकला एका सिलिंडरचे ७२७ घनसेंटीमीटर, नव्याला ७८४. याच ७८ वर जुन्या स्ट्रोकनं १०.३ आले असते, नव्यानं ११ च्या किंचित वर. हेड ॲल्युमिनियमचं आणि पेट्रोल रेसिंगचं, त्यामुळे चाललं. नाहीतर खोलगट पिस्टन घ्यावे लागले असते.

दुसरा क्रँक आला तो बरोबर होता. मेन बेअरिंग बसवून, कॅप टॉर्क करून बोअर गेजनं माप घेतलं : २.४५ इंचांच्या जर्नलला पावणेतीन थाऊ फट. जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ हा जुना ठोकताळा, रेससाठी त्यावर किंचित जास्त. एंड प्ले, म्हणजे क्रँकची पुढेमागे हालचाल, सहा थाऊ. इथवर सगळं कागदावरच्यासारखं झालं. मी एक पिस्टन रिंगांशिवाय पहिल्या सिलिंडरमध्ये घातला, रॉड जोडला आणि क्रँक हातानं फिरवला.

टक्.

आवाज अगदी लहान होता. रॉडच्या बोल्टचं डोकं ब्लॉकच्या खालच्या कडेला, जिथे ऑइल पॅन बसतो त्या पट्टीला टेकत होतं. ते सोडवून पुढे फिरवलं, तर तोच रॉड सिलिंडरच्या तळाच्या काठाला घासला. रॉडच्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हे लांब स्ट्रोकसाठी खास जागा सोडून बनवलेत. त्यांनी जागा सोडली असेलही, माझ्या ब्लॉकनं सोडली नव्हती. ओतीव ब्लॉक एकासारखा दुसरा नसतो, गाभा ओतताना जरा सरकला तरी भिंत इकडची तिकडे होते.

मग घासकाम. मोकळी जागा निदान ६० थाऊ हवी, म्हणजे दीड मिलिमीटर. दोन मिलिमीटरची सोल्डरची तार हे त्यासाठी माझं आवडतं माप. ती मऊ असते, फटीत धरून क्रँक फिरवला की दबते, आणि दबलेली जाडी मायक्रोमीटरनं मोजली की उत्तर मिळतं. आठही सिलिंडरना एकेक करून तोच रॉड लावला, खडूनं खुणा केल्या, क्रँक काढला, कार्बाइडच्या बरनं (फिरत्या कानशीनं) घासलं, क्रँक परत ठेवला, मोजलं, पुन्हा काढला. क्रँक किती वेळा उचलला ते मी सातव्यानंतर मोजणं सोडलं. तो साधारण पंचवीस किलोचा असतो आणि मेन बेअरिंगवर ओरखडा न आणता ठेवायचा असतो, हे कमरेला विचारा.

पॅनच्या पट्टीला घासताना भीती नव्हती. सिलिंडरच्या तळाशी मात्र हात आपोआप हलका झाला. त्या भिंतीपलीकडे पाणी खेळतं. कुठे किती जाडी आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि भोक पडलं तर ब्लॉक गेला. चौथ्या सिलिंडरला तार ५० थाऊपर्यंत आली आणि बरचा आवाज बदलल्यासारखा वाटला. खरोखर बदलला होता की माझ्या मनात, माहीत नाही. मी थांबले. त्या जागी दहा थाऊ ब्लॉकमधून घेण्याऐवजी रॉडच्या बोल्टजवळचा कोपरा तेवढा मोडला. हे लक्षात ठेवा, पुढे याचे पैसे मोजावे लागले.

सगळं घासून झाल्यावर ब्लॉक धुण्यात एक अख्खा दिवस गेला. ओतीव लोखंडाचा चुरा तेलाच्या प्रत्येक वाटेत जाऊन बसतो. तेलाच्या नळ्यांतून लांब ब्रश, साबणाचं गरम पाणी, हवा, पुन्हा ब्रश. पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत.

आता बॅलन्सिंग. हे काम माझ्याकडे होत नाही, लेथवाले काका करतात. ४०० चं मूळ इंजिन बाहेरून तोललेलं असतं, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकाचा डँपर आणि मागच्या टोकाची प्लेट मुद्दाम एका बाजूला जड ठेवलेली. आमचा जुना डँपर आणि प्लेट दोन्ही समतोल. ते वापरायचे तर सगळं वजन क्रँकच्या आतच बसवायला हवं. मी काकांना रॉड-पिस्टनच्या वजनांचा कागद दिला. व्ही-८ मध्ये एका जर्नलवर दोन रॉड बसतात. फिरणारं सगळं वजन आणि वरखाली होणाऱ्या वजनाचा निम्मा हिस्सा धरून प्रत्येक जर्नलसाठी एक नकली वजन बनवतात. आमचं १७१९ ग्रॅम आलं. ती वजनं बांधून क्रँक यंत्रावर फिरवला, तर काउंटरवेट हलके पडत होते. स्ट्रोक वाढला की हे व्हायचंच. हात लांबला, पण काउंटरवेटला वाढायला ब्लॉकमध्ये जागा कुठे आहे? मग टंगस्टनच्या जड मिश्रधातूचे दोन तुकडे घालावे लागले. त्यांच्यासाठी भोक काकांनी बाहेरून आत नाही, तर क्रँकच्या अक्षाला समांतर पाडलं.

"असं आडवं का, काका?" मी विचारलं.

"उभं पाडलं तर फिरताना तो तुकडा बाहेर यायला बघेल. आडव्या भोकात त्याला भिंत आहे. पोरी, सात हजारांवर त्याला धरणारं दुसरं कोण आहे?"

क्रँक तोलून घरी आला आणि मी कॅमशाफ्ट बसवायला घेतला. इथे माझी मोठी चूक झाली.

या इंजिनात कॅम क्रँकच्या थेट वर असतो. रॉड वर जाताना त्याचा खांदा कॅमच्या लोबजवळून (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्याजवळून) जातो. दोन्ही फिरत असतात, कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं, त्यामुळे ते भेटतात की चुकतात हे कॅम कोणत्या अंशावर जोडलाय यावर अवलंबून असतं. ही जागा मी आधीच तपासली होती. सोल्डरची तार सगळ्यात अडचणीच्या रॉडला ६२ थाऊ दाखवत होती, मी वहीत टिकमार्क केला होता. फक्त ते करताना टायमिंगची जुनी चेन लावली होती आणि ठिपक्याला ठिपका जुळवला होता. आता नवी चेन लावून, डिग्री व्हील (अंशांच्या खुणांची चकती) लावून मोजलं, तर इन्टेक लोबचा मध्य ११० अंशांवर. कॅमच्या कागदावर १०६. चार अंश पुढे घेणं भाग होतं. घेतला. आणि सहज म्हणून, खरंच सहज म्हणून, तार पुन्हा फटीत धरली.

४९ थाऊ.

काही रॉडना जागा वाढली होती, काहींना घटली होती. चार अंश म्हणजे क्रँकचे चार, कॅमचे जेमतेम दोन. तेवढ्यानं तेरा थाऊ गेले. ४९ थाऊ म्हणजे काही टेकत नाही, असं दादाचं म्हणणं. हातानं फिरवताना टेकत नाही हे खरं. पण चेन सैल होते, क्रँक वाकतो, रॉड ताणला जातो, आणि हे सगळं एकाच वेळी होतं. तिथे रॉड आणि लोब भेटले तर कॅम तुटतो, आणि मग व्हॉल्व्ह, पिस्टन, सगळंच.

लहान बेस सर्कलचा, म्हणजे लोबचा गोल भाग बारीक असलेला, कॅम मागवता आला असता. पण जुना कॅम चांगला होता आणि त्याचे लिफ्टर (लोबवर टेकणारे दट्टे) त्याच्याशी जुळलेले होते. मी ते खोक्यात कप्पे करून, ज्याचा त्याला ठेवले होते. म्हणून रॉडच्या खांद्याचा कोपरा मोडायचं ठरवलं. बारीक दगडानं, ओरखडे रॉडच्या लांबीच्या दिशेनं राहतील असं, आणि शेवटी पॉलिश, म्हणजे तडा जायला कुठे सुरुवात मिळायला नको. प्रत्येक रॉडमधून एका ग्रॅमहून कमी गेलं असेल. मी काकांना फोन करून सांगितलं, फार नाही गेलं.

"किती म्हणजे फार नाही?"

"ग्रॅमच्या आत असेल."

"असेल?" ते म्हणाले. "सगळे घेऊन ये."

आठही रॉड पुन्हा तोलले गेले, सगळ्यात हलक्याशी बाकीचे सात जुळवले गेले, क्रँक पुन्हा यंत्रावर चढला. चौथ्या सिलिंडरला मोडलेला कोपरा तेव्हाच उघडकीला आला. तो मी बॅलन्सिंगच्या आधी मोडला होता, पण नंतर रॉड कोणता कुठे जाणार याची माझी खूण पुसली गेली होती. काकांनी दुसऱ्यांदा पूर्ण पैसे घेतले आणि मी एक शब्द काढला नाही.

शेवटची जुळणी एका दिवसात झाली, कारण तिथे शोधायचं काही उरलं नव्हतं. रिंगांची फट अठरा थाऊ. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये चिकणमाती ठेवून मोजलं, इन्टेकला शंभराच्या वर, एक्झॉस्टला त्याहून जास्त. रॉडचे बोल्ट टॉर्क रेंचनं नाही, ताण मोजून आवळले. बोल्ट किती थाऊ लांबला ते गेज सांगतं, टॉर्क रेंच फक्त घर्षणाशी झटापट किती झाली ते सांगतं. एकदा क्रँक अचानक जड झाला. पाचवा आणि सहावा रॉड मी उलटसुलट घातले होते, त्यामुळे त्यांची सपाट बाजू जर्नलच्या गोलाईवर चढत होती. कड उतरती केलेली बाजू क्रँककडे, हे मला पाठ आहे. तरी रात्रीचे अकरा वाजले की पाठ असलेलं विसरतं. ऑइल पॅन रुंद पोटाचा घ्यावा लागला, आणि तेल उडू नये म्हणून लावतात ती जाळी वॉशर घालून खाली उतरवली.

डिस्ट्रिब्यूटरच्या भोकातून ड्रिलनं तेलाचा पंप फिरवला आणि प्रत्येक रॉकरवर तेल येईपर्यंत थांबले. मग चावी. पहिल्याच झटक्यात लागलं.

आता गंमत. मैदानावर, ४०२ मीटरला, जुन्या इंजिनाची आमची वेळ ११.७४ सेकंद होती आणि शेवटी वेग ताशी १८७ किलोमीटर. नव्या इंजिनाची पहिली धाव १२.०२. दादा उतरला तो माझ्याकडे न बघताच. मी पावती घेतली आणि वेळेखालचा आकडा वाचला : १९१. शेवटचा वेग इंजिनाची ताकद सांगतो. वेळ बरीचशी सुरुवातीच्या साठ फुटांत ठरते. आमचे साठ फूट १.६२ वरून १.८१ वर गेले होते. चाकं जागीच फिरत होती.

कारण सरळ होतं. टॉर्क वाढला की तोच टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधली तेलाची जोडणी) जास्त फेऱ्यांवर पकडतो. आमचा ३८०० ऐवजी ४००० च्या आसपास पकडायला लागला, आणि तोही जास्त जोरानं. शिवाय दादा अजूनही ७००० ला गिअर बदलत होता. हेड आणि कॅम तेच, पोट मोठं, म्हणजे इंजिनाचा श्वास आधीच संपतो. आणि पिस्टनला बसणारा झटका स्ट्रोकच्या पटीत वाढतो, फेऱ्यांच्या वर्गाच्या पटीत. जुन्या ७००० ला जेवढा ताण होता, तेवढा नव्याला साधारण ६७०० लाच होतो. मी त्याच्या टॅकोमीटरवर ६५०० ला लाल पट्टी चिकटवली. त्याला ती अपमानास्पद वाटली, पण त्यानं ती काढली नाही.

टायरमधली हवा कमी केली, निघताना फेऱ्या कमी ठेवल्या, आणि मागचा ॲक्सल ४.५६ वरून ४.३० वर आणला, नाहीतर शेवटची रेषा तो जवळजवळ ६९०० वर ओलांडत होता. तिसऱ्या रविवारी ११.३३, ताशी १९३. त्यानंतरच्या चार धावा ११.३१ ते ११.३६ मध्ये. आम्ही ब्रॅकेट प्रकारात धावतो, तिथे आपली वेळ आपणच काचेवर लिहायची असते, त्यामुळे मला ११.३१ पेक्षा त्या पाच शतांशांचं जास्त कौतुक.

हंगाम संपल्यावर पॅन उतरवून रॉडची बेअरिंगं पाहिली. दुसऱ्याचं आधी. करडं, सारखं घासलेलं, कुठे चकाकी नाही. दादा शेजारी टॉर्च धरून वाकून बघत होता.

"चार इंची स्ट्रोकचेही क्रँक मिळतात म्हणे," तो म्हणाला.

मी त्याचं बोट धरलं आणि चौथ्या सिलिंडरच्या तळाशी, मी थांबले होते त्या खाचेवर टेकवलं.

"याच्यापलीकडे पाणी आहे."